दहा पिना, अकरा जागा

१

बाजारात त्याला सगळे जुळारी म्हणत, आणि ते नाव त्याला शोभूनही दिसे. एखाद्या यंत्राचा सर्किट बोर्ड असतो, त्यावर वायरी खोचायचा कनेक्टर असतो आणि नेमका त्याचा दुसरा अर्धा भाग तुटलेला, हरवलेला किंवा उंदरांनी खाल्लेला असतो. यंत्र बनवणाऱ्यांनी हात वर केलेले असतात. अशी माणसं शेवटी ह्याच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढत. हा बोर्ड भिंगाखाली धरायचा आणि सांगायचा, अमुक जातीचा आहे, ह्याची जोडी तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात. शेजारच्या गाळ्यातला घड्याळवाला त्याला चिडवायचा, "लग्नं जुळवायचं ऑफिस काढ लेका. इथं कशाला डोळे फोडून घेतोस?"

पद्धत ठरलेली होती. आधी पिना मोजायच्या. मग पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंतचं अंतर कॅलिपरनं घ्यायचं आणि मधल्या फटींच्या संख्येनं भागायचं. पिनांच्या नव्हे, फटींच्या. नवशिके इथंच आपटी खातात. मग खाच कुठल्या बाजूला आहे, कडी आहे का, ते बघायचं. एवढं कळलं की कनेक्टर आपली जात सांगून मोकळा होतो. मोजणी अर्ध्यावर सोडायची नाही आणि अंदाजानं काही खोचायचं नाही, हे त्याचे दोन नियम होते, आणि त्यातल्या पहिल्या नियमानं त्याचा घात केला होता.

सव्वा वर्षापूर्वी एका रविवारी सकाळी तो घरीच टेबलाशी चाळीस पिनांचा एक कनेक्टर मोजत बसला होता. स्वयंपाकघरातून बायकोनं हाक मारली. तो म्हणाला, "थांब, मोजणी चुकेल." अठ्ठाविसाव्या पिनेवर असताना आत भांडं पडल्याचा आवाज झाला. भांडी पडतच असतात, म्हणून त्यानं चाळीस पुरे केले आणि मग तो उठला. ती ओट्याखाली आडवी झालेली होती.

मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ती पलंगावर होती. डोळे उघडे, श्वास चालू, चमच्यानं भरवलेलं गिळायची, पण शब्द नाही की नजरेत ओळख नाही. त्याची मोठी बहीण, अक्का, आपला संसार मुलांवर सोपवून इथं येऊन राहिली होती आणि सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होती. बायको बरी होईल ही आशा जुळाऱ्यानं केव्हाच सोडली होती. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती. त्या सकाळी तिनं हाक कशाला मारली, तिला काय सांगायचं होतं, तेवढं एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं. दिवसातून दहा वेळा तो तिला हे विचारत असे, आणि दहाही वेळा ती छताकडे बघत असे.

२

मंगळवारी सकाळी कुरिअरनं एक खोकं आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता पावसात भिजल्यासारखा पुसट झालेला होता. आत कागदाच्या बोळ्यांमध्ये तळहाताएवढा बोर्ड आणि एक चिठ्ठी: "ह्याची जोडी सापडेल का? लवकर बघावे."

बोर्ड काळा, आणि विशेष म्हणजे कोरा. बोर्डावर काही ना काही छापलेलं असतंच. बनवणाऱ्याचं चिन्ह, एखादा आकडा, निदान एक बाण तरी. ह्यावर टिकलीएवढंही अक्षर नव्हतं. मधोमध चार चिपा, त्यांच्याही पाठी गुळगुळीत. एका कडेला कनेक्टर होता. जुळाऱ्यानं भिंग ओढलं आणि मोजायला घेतलं. जागा अकरा, पिना दहा. डावीकडून तिसरी पिन मुद्दाम गाळलेली. त्यात नवल काही नाही, उलटं खोचलं जाऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी तसं करतात.

मग त्यानं कॅलिपर लावला. पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत तेवीस मिलिमीटर. फटी दहा, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर दोन पूर्णांक तीन.

त्यानं कॅलिपर पुसला आणि पुन्हा लावला. दोन मिलिमीटरचा कनेक्टर असतो. अडीचचा असतो, अडीचहून किंचित मोठा असतो. दोन पूर्णांक तीनचा तीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेला नव्हता. त्यानं चारही जाडजूड कॅटलॉग काढले, दुपारपर्यंत पानं उलटली, कपाटातले खण एकेक करून पालथे घातले. खालच्या खणात त्याला तीन वर्षांपूर्वी हरवलेला चिमटा सापडला, जोडी काही सापडली नाही. त्याला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत "माहीत नाही" हे दोन शब्द त्यानं गिऱ्हाइकाला फारसे ऐकवले नव्हते.

३

निदान कुठली पिन कशाची आहे ते बघावं, म्हणून त्यानं आपला जुना काट्याचा मीटर काढला. बोर्डाला सेल नव्हता, कुठली वायर जोडलेली नव्हती. त्यामुळे मीटरनं काही दाखवायचं कारणच नव्हतं. एका टोकाला पहिली पिन, दुसऱ्या टोकाला सातवी, एवढं जोडताच काटा हलला.

तो वर चढला, सावकाश खाली आला, क्षणभर थांबला आणि पुन्हा चढला.

जुळाऱ्यानं घड्याळवाल्याला हाक मारली. घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून आला, दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "तुझ्या ट्यूबलाइटचं काहीतरी असेल. नाहीतर तुझ्याच हाताचं."

"हात लावलेला नाही. ट्यूबही बंद केलीय."

"मग रस्त्यावरच्या तारांचं. मिनिटाला सोळा वेळा हलतोय बघ. मी आयुष्यभर टिकटिक मोजत आलोय, सोळाचं कुठलं यंत्र मला आठवत नाही." मग जाता जाता हसून म्हणाला, "झोपलेल्या माणसाचा श्वास असतो साधारण तेवढा."

बोलणाऱ्यानं बोलून टाकलं, पण जुळाऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं स्वतःला समजावलं की बोर्डात उरलेला विद्युतभार असा हळूहळू निथळत असेल. निथळणारी गोष्ट कमी कमी होत जाते, हेही त्याला माहीत होतं. काटा तासाभरानंतरही तेवढाच चढत होता.

दुपारी जेवायला घरी जाताना त्यानं बोर्ड आणि मीटर पिशवीत घातले. का घातले, ते त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. पलंगाशेजारच्या स्टुलावर मीटर ठेवून त्यानं पिना जोडल्या आणि बायकोच्या छातीवरच्या चादरीकडे बघितलं. चादर वर आली तसा काटा वर आला. चादर खाली गेली तसा तोही खाली गेला. तिला मध्येच ठसका लागला. काटा थरथरला आणि जागेवर यायला त्याला तिच्याइतकाच वेळ लागला.

"हे काय नवीन खूळ?" दारातून अक्का म्हणाली. "जेवून घे आधी. निवतंय सगळं."

४

संध्याकाळी अक्का त्याच्या बायकोचे केस विंचरत होती. रोज ती पाठीला उशा लावून तिला बसती करायची आणि मान धरायला जुळाऱ्याला बोलवायची. त्या दिवशी मान धरताना केस बाजूला झाले, आणि मानेच्या मागे, केसांच्या कडेच्या जरा खाली, त्याला आडवे ठिपके दिसले. बारीक, गुलाबी, एका सरळ ओळीत.

"अक्का, हे काय गं?"

"कंगव्याचे दात लागले असतील."

"कधीपासून आहेत?"

"मला काय ठाऊक? मी काय तिची मान मोजत बसते का? तुझी ती सवय." मग भावाचा चेहरा बघून ती नरमली. "अरे, पडून पडून कातडी नाजूक झालीय तिची. पावडर लावते मी."

अक्का पाणी ठेवायला गेली. जुळाऱ्यानं खिशातला कॅलिपर काढला. बायकोच्या अंगाला हे हत्यार लावायची त्याला शरम वाटली. तरी त्यानं ते लावलं. ठिपके दहा. डावीकडून तिसऱ्या जागी ठिपका नव्हता, तिथं नुसती कातडी होती. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत तेवीस मिलिमीटर.

कंगव्याचे दात मोजायला तो न्हाणीघरात गेला. कंगव्याच्या दातांमधलं अंतर दीड मिलिमीटर निघालं. तिथंच बादलीच्या काठावर तो बसून राहिला. त्याला भीती वाटली, हे खरंच. पण त्या भीतीखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते सव्वा वर्षात पहिल्यांदा जागं झालं होतं. ती आत कुठंतरी आहे, बोलते आहे, फक्त तिचं बोलणं बाहेर आणणारी वायर सुटली आहे. सुटलेली वायर जोडणं हे तर त्याचंच काम होतं.

५

बाजारात जोडी नव्हती, म्हणून त्यानं ती स्वतः बनवली. बुधवारी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांत तेवीस मिलिमीटरवर दहा दहा भोकं पाडली. एका पट्टीत बोर्डावर बसणाऱ्या नळ्या, दुसरीत स्प्रिंगच्या बोथट पिना. तिला टोचणार नाहीत, नुसत्या टेकतील अशा. मधे दहा वायरी. डावीकडची पहिली डावीकडच्या पहिलीला, दुसरी दुसरीला, तिसरी जागा इकडेही रिकामी, तिकडेही रिकामी. दोन्हीकडे अगदी तंतोतंत जुळत होतं, आणि इतकं जुळल्यावर आणखी काय तपासायचं, असं त्याला वाटलं.

घड्याळवाल्यानं फटीतून डोकावून विचारलं, "सापडली का जोडी?"

"सापडली," जुळारी म्हणाला.

गुरुवारी दुपारी अक्का औषधं आणायला बाहेर पडली. खिडकीतून ऊन पलंगावर पडलेलं होतं, गल्लीत कुणीतरी सायकलची चेन चढवत होतं. त्यानं तिला कुशीवर वळवलं, केस वर केले. "काही नाही गं, जरा टेकवतोय," तो म्हणाला. मीटर जोडून त्यानं स्टुलावर ठेवला. एक टोक बोर्डावर बसलं. दुसरं त्यानं मानेवर ठेवलं आणि हलक्या हातानं दाबलं.

चेनचा आवाज ऐकू यायचा बंद झाला, किंवा त्याला तसं वाटलं. मीटरचा काटा वर गेला आणि खाली आला नाही. तिची पाठ त्याच्या हाताखाली ताठ झाली. मग काटा शून्यावर पडला, तिचा श्वासही थांबला, आणि त्याला नंतर आठवलं त्याप्रमाणे ह्या मधल्या वेळात खोलीत दोघांपैकी कुणीच नव्हतं. ती नाही आणि, हा विचार कुठून आला देव जाणे, ते दुसरंही नाही. त्यानं पट्टी ओढून काढली.

तिनं मोठा श्वास घेतला. वळली. त्याच्याकडे बघितलं, थेट, ओळखीनं. मग खिडकीकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"किती उजेड आहे," ती म्हणाली.

६

अक्का आली तेव्हा ती उशीला टेकून बसलेली होती. अक्काच्या हातातली औषधाची बाटली खाली पडून फुटली. तिनं आधी रडून घेतलं, मग भावाला मिठी मारली, मग बाटली फुटली म्हणून स्वतःलाच बोल लावला. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि असं क्वचित होतं म्हणाले. आठवड्याभरात ती भिंत धरून चालायला लागली. सगळं खायची. घरातली कुठली वस्तू कुठं असते ते तिला माहीत होतं, अक्काच्या मुलांची चौकशी ती नावानिशी करायची. घड्याळवाला बायकोला घेऊन भेटून गेला. जुळाऱ्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता.

तो पडला नाही. खोट काढावी असं काही घडत नव्हतं, आणि तरी तो खोट शोधत होता. ती पाण्याचा पेला हातात घेऊन आधी त्याच्या काठावरून बोट फिरवायची. भिंती, दाराच्या चौकटी, त्याची बाही, सगळ्याला हात लावून बघायची. दिवसभर खिडकीत बसायची. निजताना दिवा मालवू द्यायची नाही. "राहू दे ना," म्हणायची, आणि उघड्या डोळ्यांनी बल्बकडे बघत पडायची.

"इतके दिवस अंधारात काढले बिचारीनं," अक्का म्हणायची. "बघू दे तिला. तुला कशाचं सुखच घेता येत नाही."

एकदा सकाळी त्यानं धीर केला. तिच्यासमोर बसला. "त्या रविवारी तू मला हाक मारली होतीस. मी उठलो नाही. काय सांगायचं होतं तुला?"

तिनं विचार केला. मग हसली, छान हसली. "मी कुठं हाक मारली?"

"ओट्यापाशी. पडायच्या आधी."

"नाही आठवत बघा. काहीतरी साधंच असेल." आणि तिनं त्याच्या हातावर थोपटलं, आणि थोपटता थोपटता त्याची बोटं एकेक करून चाचपून बघितली.

अशा आजारात मधली आठवण पुसली जाते, डॉक्टरांनी समजावलं. त्यालाही ते पटलं. घरातून बाहेर पडताना मात्र, सव्वा वर्षात वाटलं नव्हतं एवढं एकटं त्याला वाटलं.

७

बोर्ड दुकानात कपड्यात गुंडाळून ठेवलेला होता. परत पाठवायला पत्ता नव्हता, आणि त्या गुरुवारनंतर त्याकडे बघायचं जुळाऱ्यानं टाळलं होतं. त्या दिवशी एक बाई तिच्या शिलाई यंत्राचा तुटका कनेक्टर घेऊन आल्या. त्यानं खणातून जोडी काढली, खोचण्याआधी दोन्ही भाग शेजारी शेजारी उताणे ठेवले, आणि त्याचा हात तसाच राहिला.

एका भागाची खाच डावीकडे होती, दुसऱ्याची उजवीकडे. तशीच असते. जोडीतले दोघं समोरासमोर तोंड करून भेटतात, त्यामुळे एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी. कामाच्या पहिल्या आठवड्यात माणूस हे शिकतो. बोर्डावर तिसरी जागा डावीकडून रिकामी होती, मग त्याच्या जोडीवर ती उजवीकडून रिकामी असायला हवी होती. तिच्या मानेवर ती डावीकडूनच होती. म्हणजे तिची मान ही बोर्डाची जोडी नव्हती. दोन्ही एकाच जातीचे होते, दोन सारखे भाग, आणि त्यानं वायर टाकून ते एकमेकांत मोकळे करून दिले होते. बोर्डात आधी काय होतं, हा विचार त्यानं अर्ध्यावर टाकला.

शिलाईवाल्या बाईंना तसंच बसवून तो घरी धावला. ती खिडकीत होती. त्यानं पाठीमागून तिचे केस वर केले. मान गोरी, गुळगुळीत होती. त्यानं बोटानं चाचपलं, उजेडाकडे वळवलं, पुन्हा चाचपलं. एकही ठिपका नव्हता. पट्टी पुन्हा टेकवायला जागाच उरली नव्हती.

"काय शोधताय?" तिनं विचारलं. मान तिनं हलवली नाही, तो शोधत होता तोवर धरूनच ठेवली.

तो परत आला तेव्हा बाई निघून गेल्या होत्या. त्यानं कापड सोडलं, मीटर लावला. काटा चढत होता, उतरत होता, पण आता भराभर, धावून आलेल्या माणसासारखा. मीटर काढून त्यानं एक छोटा स्पीकर घेतला आणि पिनांवर एकामागून एक टेकवत गेला. सातव्या पिनेवर खरखर झाली. खरखरीच्या मागे श्वास होता. हा श्वास त्यानं बावीस वर्षं उशीशेजारी ऐकला होता.

"अहो," स्पीकर म्हणाला. आवाज लहान होता, पण तिचाच. "अहो, जरा या ना इकडे. डोळ्यांपुढं एकदम काळोख आलाय माझ्या."

मग ती थांबली. उत्तर यायला लागतो तेवढाच वेळ.

"ऐकताय ना?"

त्याला सव्वा वर्ष जे हवं होतं ते मिळालं होतं. तो बोर्डावर ओणवा झाला. "आलो," म्हणाला. "इथंच आहे मी. ऐक, मी इथंच आहे." बोर्ड ऐकत नव्हता. त्यानं माइक आणला, उरलेल्या नऊ पिनांवर टेकवून बघितला, प्रत्येकीवर तिला हाक मारली. कुठलीच पिन काही आत नेत नव्हती. सातवी तेवढी बाहेर आणत होती.

"अहो, जरा या ना इकडे," ती म्हणाली. तोच सूर, अजून घाबरलेला नव्हे, नुसता गोंधळलेला. तिच्या लेखी अजून तीच सकाळ होती आणि तो पलीकडच्या खोलीत होता.

भिंतीपलीकडून घड्याळवाला ओरडला, "कुणाशी बोलतोस रे?" थोड्या वेळानं अक्काचा फोन आला. जेवायला ये म्हणाली, ती तुझ्यासाठी थांबलीय, आज तिनं स्वतः पानं घेतलीत. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

स्पीकर काढला असता तर आवाज थांबला असता, तिचं बोलावणं थांबलं नसतं. म्हणून त्यानं तो काढला नाही. खुर्ची ओढून तो बोर्डाजवळ बसला, आणि तिच्या प्रत्येक हाकेला ओ देत राहिला.